बिनगोडाची थाळी

केतकीला भीती वाटली की हसू यायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हॉटेलची पायरी चढण्याआधी तिच्या आईनं, शीलाबाईंनी, तिचा दंड धरून बजावलं, "आज दात दाखवलेस तर बघ." केतकीनं मुकाट्यानं ओठ आत ओढून घेतले. त्या दिवशी तिला पोटभर भीती वाटत होती.

भिण्यासारखंच होतं म्हणा. आत ज्यांना भेटायचं होतं त्यांच्या मुलाशी, कपिलशी, तिला लग्न करायचं होतं आणि तिच्या वडिलांना ते होऊ द्यायचं नव्हतं. पुढच्या रविवारी नागपूरहून बँकेतला मुलगा तिला पाहायला येणार होता. त्याच्यासाठी घरी पुरणपोळीचा बेत ठरून डाळसुद्धा निवडून झाली होती. आज हॉटेलात काही घडलं नाही, तर रविवारी सगळं घडून मोकळं होणार होतं.

कापसाची ती वाईट वर्षं. पिकला तर भाव नाही आणि भाव आला तर बोंडात अळी. अशा दिवसांत शेतीवाल्याच्या घरी मुलगी द्यायची म्हटलं की लोक कानांवर हात ठेवत. चपराशी चालेल, कंपाउंडर चालेल, पण शेतकरी नको, असं चारचौघांत बोलायलाही कोणी लाजत नसे. कपिलचं घर मारेगावकडचं. शेतात कापूस, तूर, थोडं सोयाबीन, आणि घरात चार माणसं, चारही बोलकी आणि खाऊनपिऊन सुखी. तरी 'मुलगा काय करतो' याचं उत्तर ऐकलं की समोरचा माणूस अर्धा चहा बशीत ठेवून उठायचा. कपिलच्या आईनं, इंदुताईंनी, नकार मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं.

केतकीचं जुळलं ते दिपालीमुळे. दिपाली कपिलची बहीण, आणि यवतमाळला डी.एड.ला असताना केतकीच्या खोलीतली सोबतीण. हिवाळाभर कपिल मोटारसायकलवरून बहिणीसाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन यायचा. बोलायचा अगदी कमी. पण जे बोलायचा त्यानं केतकीला वसतिगृहाच्या फाटकाला धरून उभं राहावं लागायचं, इतकं हसून पोट दुखायचं. असा माणूस जन्मभर घरात असावा, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

तिचे वडील नंदकिशोर साहेब सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या आजोबांनी नांगर धरला, वडिलांनी टाक धरला, आणि तेव्हापासून त्या घराची पाठ शेताकडे ती कायमचीच. मुलीनं कपिलचं नाव काढल्यावर ते ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. नकार द्यायचा, पण तो कागदोपत्री निर्दोष असावा, हा त्यांचा कचेरीतला शिरस्ता होता. त्या लोकांना एकदा भेटायचं, मानानं जेवू घालायचं आणि गोड बोलून वाटेला लावायचं, असा त्यांनी बेत केला.

यात एकच अडचण होती, ती रीतीची. मुलगी पाहायला आलेल्यांना चहा द्यावा, पोहे द्यावेत, त्यानं कोणी कोणाला बांधलं जात नाही. पण दोन्हीकडची माणसं एका पंगतीला बसली आणि पंगतीत तोंड गोड झालं की सोयरीक पक्की. त्यानंतर मागे फिरणाऱ्याची पंचक्रोशीत छीथू व्हायची. घरी बोलावलं तर जेवण आलं, जेवण आलं की गोड आलं. म्हणून साहेबांनी पांढरकवड्यातलं बाबूसिंगचं हॉटेल निवडलं आणि आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन बाबूसिंगला सांगून आले, "उद्या आमच्या टेबलावर गोडाचा कणही येता कामा नये."

बाबूसिंगच्या काळजात कळ आली. त्याच्या हॉटेलात लोक थाळीबरोबर गुलाबजाम खात नसत, गुलाबजामसाठी थाळी खात. पण हेडक्लार्क साहेबांचा शब्द पडला होता. तो "जी" म्हणाला आणि रात्रभर तळमळला, असं त्याच्याच बायकोनं नंतर गावभर सांगितलं.

सदाशिवरावांची मंडळी आधीच येऊन बसली होती. कपिलचे वडील म्हणजे मोठा आवाज, मोठा फेटा आणि त्याहून मोठं हसू. साहेबांना पाहताच ते उभे राहिले.

"या साहेब, या. आमी दोन टेबलं जोडूनच ठेवले. पंगत कशी एका रांगेत पायजे."

पंगत हा शब्द ऐकून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. सगळे बसले. कपिल केतकीच्या बरोब्बर समोर आला. त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि खिशाला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती. केतकीनं ती पाहिली आणि नजर छताच्या पंख्यावर नेऊन ठेवली.

बाबूसिंगनं थाळ्या आणल्या, त्याही कप्प्याकप्प्यांच्या. एकात वरण, एकात वांग्याची भाजी, एकात कोशिंबीर, मधे पोळ्या, आणि पाटोडीच्या रश्श्याची वेगळी वाटी. उजव्या कोपऱ्यातला गोल कप्पा मात्र मोकळा, घासूनपुसून लखलखीत. सात थाळ्या, सात मोकळे कप्पे. बघू नये म्हटलं तरी नजर तिथंच जायची.

सदाशिवरावांना मनात ठेवणं माहीत नव्हतं. "भाऊ, इथं काही वाढाचं राह्यलं काय?"

बाबूसिंगनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मिठाकडे पाहिलं.

"आज गोड खतम झालं, काका," बाबूसिंग मान खाली घालून म्हणाला.

त्याच घडीला त्याच्या मागून एक वाढपी गुलाबजामची परात घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर बाहेरगावची माणसं बसली होती. त्या वर्षी कापूसवाल्यांचे हाल पाहायला कॅमेरे घेऊन पुष्कळ गाड्या यायच्या, त्यातलीच. त्यांच्या थाळ्यांत पाकाळ गुलाबजाम टपाटप पडले. "और दो दो इधर," त्यांतला एक म्हणाला. बाबूसिंगचे कान लाल झाले.

कपिलनं त्या परातीकडे पाहिलं, मग आपल्या थाळीकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "खतम झालेलं गोड बी चांगलंच फुगून राह्यलं."

केतकी पाणी पीत होती. ते नाकात गेलं. टेबलाखालून शीलाबाईंनी असा चिमटा काढला की हसू आणि डोळ्यांतलं पाणी एकदमच आलं. दिपालीनं मैत्रिणीची अवस्था पाहिली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

इंदुताई मात्र हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं. दारोदारी अर्ध्या चहावर उठावं लागलेली बाई ती, तिला मोकळ्या कप्प्याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. त्या थाळीकडे बघत बसल्या, पोळीचा तुकडा हातात तसाच. कपिलनं आपल्या थाळीतला कांदा आणि लिंबाची फोड उचलली आणि आईच्या मोकळ्या कप्प्यात ठेवली.

"इथं ठेव माय. तिकडं भाजीत भिजून राह्यला तो."

या मुलाशी आपलं लग्न झालं नाही तर आपण नागपूरला बँकवाल्याच्या घरी कुढून मरू, असं केतकीला अगदी स्वच्छ वाटलं.

जेवण सुरू झालं. म्हणजे बाकीच्यांचं. सदाशिवराव जन्मात कधी पंगतीत स्वस्थ बसून जेवले नव्हते, गावातल्या प्रत्येक लग्नात वरणाची बादली त्यांच्याच हातात असायची. इथं वाढपी जरा रेंगाळताना दिसला आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्याच्या हातून बादली घेतली. आधी साहेबांना वाढलं, मग शीलाबाईंना, मग हात निघालाच होता म्हणून शेजारच्या टेबलालाही वाढत सुटले.

"घ्या हो, लाजू नका. पानी नाही त्याच्यात, वरनच हाये."

कॅमेरावाल्यानं विचारलं, "आप यहां काम करते हैं?"

"नाही जी. मी कास्तकार हावो," सदाशिवराव म्हणाले आणि त्याच्या भातावर आणखी एक पळी ओतली. कास्तकार म्हणजे शेतकरी, हे त्या माणसाला एव्हाना कळत होतं. सकाळपासून तो शेतकरीच शोधत होता. त्यानं त्या हसऱ्या तोंडाकडे दोनदा पाहिलं, कॅमेऱ्याच्या झाकणाला हात लावला आणि परत काढून घेतला.

सदाशिवराव जागेवर आले तेव्हा साहेबांनी घसा साफ केला. केतकीला तो आवाज ओळखीचा होता. कचेरीत कोणाचा अर्ज नामंजूर करायचा असला की बाबा असाच घसा साफ करत.

"सदाशिवराव, माणसं म्हणून तुम्ही मंडळी लाख आहात. मुलगा गुणी आहे, यात दुमत नाही. पण..."

"पन आधी रस्सा घ्या साहेब," सदाशिवराव म्हणाले आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या वाटीत लालभडक तर्री ओतली. "बेतानं घेजा बरं. तिखट हाये. कचेरीतल्या मानसाले झेपत नाही."

ते आपलं काळजीनं बोलले होते. पण साहेबांना ते झोंबलं. हेडक्लार्क झाले तरी रक्त त्याच काळ्या मातीतलं.

"आमचे आजोबा हातावर मिरची चुरडून भाकर खायचे," साहेब म्हणाले. त्यांनी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि पाण्यासारखी रिकामी केली.

बाबूसिंग गल्ल्यावर बसला होता तो उठून उभाच राहिला. ती तर्री तो स्वतः चमच्याच्या टोकानं चाखायचा.

पहिले काही क्षण साहेब विजयी दिसले. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चष्मा घामानं धुरकटला. नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि मग जो ठसका लागला तो थांबेचना. तशातही माणूस मोठा चिकाटीचा. हातातलं काम पुरं करायचंच म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "प... प... प...", पण त्या 'पण'च्या पुढे काही त्यांना जाता येईना. पाणी प्यायले तर आग आणखी भडकली.

"साखर आणा," शीलाबाई ओरडल्या. "अहो, कोणीतरी साखर आणा."

बाबूसिंग जागचा हलला नाही. तो मोठ्या पेचात पडला होता. "साखर कशी आनू बाई? साहेबानंच कालदी सांगतलं ना, या टेबलावर गोडाचा कनबी येऊ द्याचा नाही म्हनून."

शीलाबाईंनी डोळे मिटून घेतले. सदाशिवरावांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांनी थाळीच्या मोकळ्या कप्प्यावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. केतकीला वाटलं, आता ही माणसं उठतील आणि जातील, आणि आपल्याला त्यांना थांबवायला तोंड नाही.

इंदुताई उठल्या खऱ्या. पण त्या दाराकडे नाही गेल्या. उन्हातान्हाचं बाहेर पडताना गावाकडच्या बाया गुळाचा खडा जवळ ठेवतात, तसा त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला गूळ काढला. टेबलाला वळसा घालून त्या साहेबांजवळ आल्या, एका हातानं त्यांची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं गुळाचा मोठा खडा त्यांच्या तोंडात घातला.

"चघळा. गिळू नका. डोये मिटा अन् चघळत राहा," त्या म्हणाल्या, आणि लेकराची थोपटतात तशी त्यांची पाठ थोपटली.

हेडक्लार्क साहेबांनी डोळे मिटले आणि गूळ चघळला. ठसका कमी झाला. मग श्वास आला. मग रंग आला. सगळ्या हॉटेलनं सुस्कारा सोडला.

आणि तेवढ्यात सदाशिवरावांच्या डोक्यात उजेड पडला. "कपिलची माय," ते हळूच म्हणाले, "तू इवायाचं तोंड गोड केलं."

इवाई म्हणजे व्याही. साहेबांचे डोळे खाडकन उघडले. "छे, छे. हे औषध म्हणून," ते गुळासकट बोलले. "औषधाचं गोड रीतीत धरत नाहीत."

कोपऱ्यातल्या टेबलावर मानीबाई बसली होती. बाजाराचं गाठोडं मांडीवर घेऊन जेवणारी म्हातारी. तिला कोणी विचारलं नव्हतं. "तोंडात गेलं का नाही गेलं? गेलं. मंग कायचं औषिद?"

"असं नाही बाई," तिच्या मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला. "खोकल्याचं औषिदबी गोड रायते. त्यानं कोनाचं लगन लागते काय?"

बसवरचा कंडक्टर रामलाल हात धुवायला चालला होता, तो थांबला. "आमच्यात बिनतिकिटाचा बसला तरी तो पॅसेंजरच. चढला म्हंजे चढला."

मग काय, ज्याला त्याला कंठ फुटला. गूळ मुलाच्या आईनं घातला की मुलीच्या, त्यावर एक तट पडला. पंगत संपली होती की चालू होती, त्यावर दुसरा. पोळ्या लाटणारी बाई लाटण्यासकट बाहेर आली आणि तिनं कपिलला विचारलं, "तुमचं काय म्हननं हाये?" कपिल म्हणाला, "मी कायले मधात बोलू? माह्या तोंडात तं अजून कांदाच हाये." कॅमेरावाल्यानं बाबूसिंगची बाही ओढून विचारलं की झालं काय. "गुड़ का मामला है, साब," बाबूसिंग म्हणाला. "बडा नाजूक है."

आता मात्र केतकीचा धीर सुटला. ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलले, मग टेबलावर डोकं ठेवून ती खदखदून हसू लागली. दिपालीच्या तोंडातला पदर सुटला. चिमटा काढायला सरसावलेल्या शीलाबाईंचा हात मधेच थांबला आणि त्याच हातानं त्यांनी स्वतःचं तोंड झाकलं. सगळं हॉटेल हसत होतं. मानीबाईचं गाठोडं मांडीवरून घरंगळलं तरी तिला पत्ता नव्हता.

इंदुताईंनी हात वर केला तेव्हा हळूहळू गलका थांबला.

"साहेबाचं खरं हाये," त्या म्हणाल्या. "मी औषिद म्हनूनच देल्लं. मानसाचा जीव घुसमटून राह्यला तं रीत कोन पाहते? जबरीनं खाऊ घातलेलं गोड आमाले नोको. त्यायनं पोरगी देली नाही तरी माहा राग नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "राग माझाही नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खरा झाला. "एकुलती पोर आहे. दिवस हे असे. मला भीती वाटते, दुसरं काही नाही."

"वाटाचंच भेव. पोरगी हाये ना माहीबी," इंदुताई म्हणाल्या आणि उरलेला गूळ फडक्यात बांधायला लागल्या.

केतकी ते पाहत होती. फडक्याचं एक टोक दुसऱ्यावर आलं, तिसरं आलं. ही गाठ बसली की ही माणसं बसथांब्याकडे जातील, बाबा तोंड धुतील, आणि रविवारी घरात पुरण शिजेल. तिनं खुर्ची मागे सारली. ती जाऊन इंदुताईंच्या शेजारी उभी राहिली आणि गाठीवरचा त्यांचा हात धरला. फडकं सोडलं, गुळाचा खडा उचलला, आणि वडिलांकडे बघत तोंडात घातला.

"बाबांनी औषध म्हणून खाल्ला," ती म्हणाली. "मी गोड म्हणून खाल्ला."

कपिलच्या हातातली पोळी वरणात पडली. इंदुताईंनी तोंडावर पदर घेतला, आणि पदरामागून त्या रडताहेत की हसताहेत ते कोणाला कळेना. शीलाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

नंदकिशोर साहेब मात्र मुलीकडे पाहत नव्हते. ते इंदुताईंच्या हाताकडे पाहत होते. मोकळ्या कप्प्याचं कारण समजल्यावरही ज्या हातानं त्यांची पाठ थोपटली होती, तो हात. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपला तळवा पुढे केला.

"इंदुताई," ते म्हणाले, आणि आजोबा गेल्यापासून ज्या बोलीत ते कोणाशी बोलले नव्हते त्या बोलीत म्हणाले, "उरला असंन तं मलेबी द्या थोडासाक."

त्यांचा ठसका केव्हाच थांबला होता.